गाडीची दुसरी चावी, पहिली हरवण्याआधी

गेल्या वर्षी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर आमच्या गाडीची चावी पाण्यात पडली, आणि ती आमच्याकडची एकमेव चावी होती. गाडी आम्ही वापरलेली घेतली होती. विकणाऱ्याने एकच चावी हातात ठेवली आणि दुसरी करून घेण्याचे काम आम्ही दोन वर्षे पुढे ढकलत राहिलो. शेवटी कुलूपबंद गाडी टो करून परभणीला न्यावी लागली. एक चालू चावी हाताशी असताना दुसरी करणे हे तासाभराचे काम असते; एकही चावी नसताना तेच काम कित्येक पट महाग आणि काही गाड्यांत दिवसांवर जाणारे होते, कारण मग कारागिराला आधी कुलूप उघडावे लागते, चावीचे माप काढावे लागते आणि गाडीच्या संगणकातून सुरक्षा कोड मिळवावा लागतो.

आपल्याकडे जिला सरसकट ‘सेन्सरवाली चाबी’ म्हणतात, तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, कुलपात फिरणारे धातूचे पाते. दुसरी, दारे उघडणाऱ्या रिमोटचे सर्किट, ज्याला बॅटरी लागते. ही बहुधा ३ व्होल्टची सीआर २०३२ किंवा तिच्याच जातीची असते. तिसरी, आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली, इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. या चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते, त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख गाडीला कळवते. ओळख पटली नाही तर काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, काहींत इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडते, आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहतो.

या तिन्हींपैकी नेमके काय बिघडले आहे हे ओळखणे, यातच बचत आहे. रिमोट चालत नाही, पण गाडी सुरू होते, तर आधी बॅटरी बदलावी. बाहेरचे कव्हर फुटले असेल तर केवळ रिकामे कव्हर घ्यावे, जुने पाते आणि सर्किट त्यात बसवावे. मात्र येथे एक चूक वारंवार होते. अनेक चाव्यांत चिप सर्किटवर नसून कव्हरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काळ्या किंवा काचेच्या तुकड्यासारखी. जुन्या कव्हरबरोबर ती कचऱ्यात गेली की नवी चावी कुलपात फिरते, दारेही उघडते, आणि गाडी मात्र सुरू होत नाही.

रिमोटशिवाय केवळ चिप असलेली साधी चावी ही सर्वांत स्वस्त जोडचावी होय. घरात ठेवण्यासाठी तेवढी पुरेशी आहे, आणि मी स्वतः तीच सुचवीन.

काम कोणाला द्यावे? कंपनीचे सर्व्हिस सेंटर चेसिस क्रमांकावरून चावी मागवते; ती खात्रीची असते, पण वेळ आणि पैसा दोन्ही अधिक जातात, आणि कधीकधी संपूर्ण लॉकसेट, म्हणजे गाडीची सगळी कुलपे, बदलण्याचा आग्रह होतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत प्रोग्रामिंगचे, म्हणजे चावीची चिप गाडीशी जुळवण्याचे, यंत्र बाळगणारे कारागीर मिळतात. तालुक्याच्या गावातील चावीवाला बहुधा पाते उत्तम कापतो, पण चिपचे काम त्याच्याकडून होईलच असे नाही. ते आधी विचारावे. दोन-तीन ठिकाणी फोन करून गाडीचे मॉडेल, वर्ष, चावी साधी की बटण-स्टार्टची, आणि सध्या किती चाव्या चालू आहेत, हे सांगावे. दर विचारताना पाते, चिप, रिमोट आणि प्रोग्रामिंग धरून एकूण किती, असेच विचारावे. नाहीतर फोनवर सांगितलेला आकडा केवळ कापण्याचा निघतो.

आणखी एक प्रश्न आवर्जून करावा : चिपची नक्कल करणार, की नवी चिप गाडीत नोंदवणार? नकलेत जुन्या चिपचीच माहिती नव्या चिपमध्ये उतरते, गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात, आणि काम स्वस्तात होते. परंतु पुढे मूळ चावी हरवली आणि ती गाडीच्या स्मृतीतून पुसायची म्हटले, तर नक्कलही तिच्याबरोबर निकामी होते. नोंदणीत नव्या चिपची स्वतंत्र ओळख स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या संगणकाला यंत्र जोडण्याच्या जागेतून, गाडीला शिकवली जाते. थोडे अधिक पैसे गेले तरी मी नोंदणीच निवडीन. नोंदणीला जाताना घरातील सर्व चाव्या बरोबर न्याव्यात, कारण अनेक गाड्यांत त्या वेळी समोर नसलेल्या चाव्या पुसल्या जातात. गाडीची बॅटरी अशक्त असेल तर ती आधी चार्ज करून घ्यावी. काम अर्ध्यावर असताना व्होल्टेज पडले की नोंदणी फसते. जुना, वापरलेला रिमोट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, कारण कित्येक रिमोट पहिल्या गाडीलाच बांधलेले असतात.

आरसी आणि मालकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. ते न विचारता चावी करून देणाऱ्याकडे मी जाणार नाही. तो उद्या आपल्या गाडीची चावी दुसऱ्यालाही देईल. काम होईपर्यंत गाडीपाशीच थांबावे आणि चावीचा फोटो कोणालाही पाठवू नये, कारण दातांच्या फोटोवरूनही पाते कापता येते.

पैसे देण्यापूर्वी तपासणी करावी. पाते दारात आणि इग्निशनमध्ये न अडकता फिरले पाहिजे. झिजलेल्या चावीवरून कापले तर झीजही उतरते, म्हणून शक्य असेल तेव्हा की-नंबरवरून, म्हणजे चावीच्या मूळ मापाच्या क्रमांकावरून, कापून घ्यावे. मग जुनी चावी गाडीपासून दूर न्यावी, कारण ती कुलपाजवळ असली तर तिच्याच चिपवर गाडी सुरू होऊन आपली फसगत होते. काही मिनिटे थांबून नव्या चावीने गाडी सुरू करावी आणि एक-दोन मिनिटे चालू ठेवावी.

चावी हरवलीच असेल तर पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. गाडी चोरीला गेल्यावर दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि तेव्हा ‘एक आधीच हरवली होती’ हे नुसत्या तोंडी सांगण्याने भागत नाही. पॉलिसीत चावी बदलण्याचे वाढीव संरक्षण घेतलेले आहे का, तेही पाहावे.

नव्या गाडीबरोबर चावीच्या जुडग्याला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा लहानसा बिल्ला येतो. त्यावर की-नंबर असतो. तो जुडग्यातून काढून घरी आरसीच्या फाइलमध्ये ठेवावा. वापरलेली गाडी घेताना दुसऱ्या चावीबरोबर हा बिल्लाही मागून घ्यावा.