सणाआधी आईची होणारी दमछाक: या चुका टाळा

सण जवळ आला की घरातील बहुतेक कामांची सूत्रे आईच्या हाती येतात आणि "हे सगळे एकदा उरकले की मग निवांत बसेन" असे ती स्वतःला बजावू लागते. पहिली चूक इथेच होते. अशी यादी कधी संपतच नाही, कारण एक काम हातावेगळे होईपर्यंत दोन नवी कामे पुढे उभी राहतात. म्हणून विसाव्याची वेळ दिवसाच्या मध्यावरच राखून ठेवावी.

कामे डोक्यात साठवून ठेवणे ही याहून महागात पडणारी चूक आहे. अपुरी राहिलेली कामे अधिक लक्षात राहतात, असे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असे आढळले की काम प्रत्यक्ष झाले नसले तरी ते कधी व कसे करायचे हे नेमके ठरवल्यास त्याचे विचार मनात पुन्हा पुन्हा घुसत नाहीत. त्यामुळे "कपड्यांचे बघायचे आहे" अशा मोघम नोंदीने काही साधत नाही. "धाकटीच्या झग्याची उसवलेली बाही गुरुवारी संध्याकाळी, ती खेळायला गेल्यावर शिवायची" असे लिहिले, की ती बाही मध्यरात्री आपल्याला जागे करत नाही.

वेळेचा अंदाज मात्र लिहूनही चुकतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूहलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी सरासरी सुमारे ३४ दिवस धरले होते, प्रत्यक्षात ५५ हून अधिक लागले. सगळेच बिनसले तर किती लागतील, हा त्यांचा अंदाजही ४९ च्या आसपासच होता. आईच्या यादीचे याहून वेगळे काही होत नाही, शिवाय तिला दर थोड्या वेळाने कोणीतरी हाक मारत असते. प्रत्येक कामाला वाटते त्याच्या दीडपट वेळ द्यावा आणि त्या हिशेबात न बसणारी कामे सरळ खोडून टाकावीत. पडद्यांची धुलाई सणानंतर झाली, तर कोणाचेही अडत नाही.

सर्वांत खोल रुजलेली चूक म्हणजे काम वाटून देणे, पण त्याची काळजी स्वतःकडेच ठेवणे. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरातील बौद्धिक श्रमाचे चार भाग दाखवले: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांपैकी पहिला आणि शेवटचा भाग बहुधा स्त्रीवरच पडतो, असे त्यांना आढळले. बाबांनी दुकानातून सामान आणले, पण काय संपले, किती आणायचे आणि विसरलेले कोण आणणार हे आईनेच सांगितले, तर तिच्या डोक्यावरचे ओझे जिथल्या तिथेच राहते. पाहुण्यांच्या झोपण्याची व्यवस्था द्यायची, तर अंथरुणे मोजण्यापासून सकाळी ती आवरण्यापर्यंत सगळी द्यावी, आणि मग मध्येच डोकावू नये. चादरी विजोड निघाल्या, तरी त्या बदलण्याचा मोह आवरावा. दुसऱ्याने केलेले काम एकदा आपण दुरुस्त केले, की पुढच्या वेळी ते काम हमखास परत आपल्याकडे येते.

झोपेतून वेळ काढणे हाही फसवा उपाय आहे. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते आणि ती तुटली की दुसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणाने आवाज चढतो. तो चढू लागल्याचे जाणवले, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावत काही श्वास घ्यावेत. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती थोडी मंदावते. मुलांवर ओरडून झालेच असेल, तर कारणमीमांसा न करता "मी चिडले, तुझी चूक नव्हती" एवढे म्हणणे पुरते.

सण उलटून दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल किंवा कशातच मन रमत नसेल, तर तो केवळ सणाचा शीण समजून अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना भेटावे. मूल तान्हे असेल, तर ही भेट आणखी लवकर घ्यावी.