कुंपणाकडे पाठ करून बसा

लष्करी तळाशेजारच्या वस्तीची चित्रं काढायची म्हटली की नवखा चित्रकार आधी तळच काढतो: काटेरी तार, पहाऱ्याचा मनोरा, फाटकावरचा जवान. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, कुंपणाकडे पाठ करून बसा. आपला विषय तारेच्या अलीकडे राहतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हे बरं. भारतातल्या १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात फोटोच काय, रेखाटन आणि नकाशासुद्धा येतो. चित्राच्या पार्श्वभूमीतही तळ दिसणार असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. तोंडी 'काढा हो' चालत नाही.

बैठक मारायला गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचं दुकान उत्तम. बढती मिळालेल्याच्या बाहीवरची जुनी फीत तो ब्लेडने टाका-टाका करून उसवतो. फितीखालचं कापड अजून गडद असतं, भोवतालचं उन्हाने विटलेलं. तो गडद तुकडा नीट काढा. त्या माणसाची कितीतरी वर्षं त्यात आहेत आणि शिंपी त्यावर नवी फीत लावतो आहे.

विमानांचा आवाज कागदावर कसा आणायचा, हे मला नेहमी विचारतात. विमान आलं की माणसं बोलता बोलता थांबतात, आवाज ओसरला की तोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करतात. त्या थांबलेल्या क्षणाचे चेहरे काढा. समासात वेळ आणि अर्धवट राहिलेला शब्द लिहा.

वस्तीत शिरायचं ते कामाच्या निमित्ताने. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या छायाचित्रकार माओ इशिकावा १९७० च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या बारमध्ये स्वतः काम करत होत्या. सोबतच्या बायकांचे फोटो त्यांनी तिथूनच काढले, म्हणून त्यात परकेपणा नाही. त्याच बेटावर अमेरिकेचा फुतेन्मा हा लष्करी तळ गिनोवान शहराच्या ऐन मध्यात आहे. तळाकडून परत मिळालेल्या जमिनीवर तिथे १९९४ मध्ये एक कलासंग्रहालय उभं राहिलं. तळामुळे जमीन गेलेले आणि तळावरच पोट असलेले, दोघं अनेकदा एकाच घरात सापडतात. दोघांनाही वहीत जागा द्या. एकाचीच बाजू काढून आणलीत तर मी ते काम अपुरं समजते.

नावाची पट्टी, तुकडीचं चिन्ह, गाडीचा नंबर, कोण कधी रजेवर येणार, कोणत्या घरात बाई एकटी आहे, यातलं काहीही चित्रात किंवा टिपणात नको. संदर्भासाठी फोटो घेत असाल तर मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. चित्र झालं की ज्याचं आहे त्याला दाखवा. नको म्हणाला तर पान त्याच्या हातात द्या, वाद घालू नका.

आणि प्रत देतो म्हणालात तर त्याच आठवड्यात द्या. बदलीचा हुकूम आला की कुटुंब सामान बांधून निघून जातं, नवा पत्ता शेजाऱ्यांकडेही नसतो.