ग्रामीण टेलिफोन संस्थेने फायबरचे जाळे कसे उभारावे

विरळ वस्तीत तार टाकणे मोठ्या कंपन्यांना परवडत नव्हते, त्यामुळे अमेरिकेतील कित्येक खेडी दूरध्वनीवाचून राहिली होती. १९४९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दूरध्वनीसाठी सरकारी कर्ज मिळू लागले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी आपापल्या सहकारी टेलिफोन संस्था काढल्या. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याप्रमाणे तेथे ग्राहक हाच सभासद असतो. अशाच एका संस्थेने, ‘पीपल्स रूरल टेलिफोन कोऑपरेटिव्ह’ने, केंटकी राज्यातील जॅक्सन आणि औझली या डोंगराळ परगण्यांत घरोघरी फायबर, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणारा काचेचा तंतू, पोहोचवले. त्यासाठी जिथे गाडी जाऊ शकत नव्हती, तिथे ‘ओल्ड बब’ नावाच्या खेचराकडून केबल ओढून घेतली. असे काम हाती घेणाऱ्या छोट्या संस्थेने कोणत्या क्रमाने पुढे जावे, ते येथे मांडले आहे.

आराखड्याची सुरुवात एक्सचेंजपासून सर्वांत दूर असलेल्या घरापासून करावी. गावठाणातली घरे आधी जोडली तर वसुली लवकर सुरू होते, हे खरे. परंतु जाळे त्या घरांच्या मापाने आखले गेले, तर डोंगरापलीकडच्या सभासदासाठी पुढे सगळे पुन्हा करावे लागते, आणि तांब्याच्या तारेवरील इंटरनेट अंतर वाढेल तसे मंदावत असल्यामुळे फायबरची खरी निकड त्यालाच असते. जीपॉन (एकच तंतू अनेक घरांना वाटून देण्याची पद्धत) यात एक्सचेंजमधून निघालेल्या एका तंतूचा प्रकाश स्प्लिटरने (प्रकाश विभागणाऱ्या उपकरणाने) साधारणपणे ३२ घरांत वाटला जातो आणि प्रचलित उपकरणांना वाटेत प्रकाशाची २८ डेसिबलपर्यंतची घट चालते (डेसिबल हे येथे घट मोजण्याचे एकक). अंतर १५ किलोमीटर धरले, तर दर किलोमीटरला ०.३५ याप्रमाणे तंतूत सव्वापाच, स्प्लिटरमध्ये सुमारे १७, दहा जोडांमध्ये एक आणि चार कनेक्टरांमध्ये दोन, अशी एकूण घट सव्वापंचवीसच्या आसपास जाते. उरलेले पावणेतीन डेसिबल पुढे केबल तुटून नवे जोड द्यावे लागतील तेव्हा उपयोगी पडतात, म्हणून ते आजच खर्ची घालू नयेत. हेच अंतर २० किलोमीटर असेल, तर हाताशी जेमतेम एक डेसिबल राहतो. अशा फाट्यावर, म्हणजे जाळ्याच्या शाखेवर, ३२ ऐवजी १६ घरांचा स्प्लिटर बसवावा; प्रकाश कमी घरांत वाटल्यामुळे घट कमी होते. हा हिशेब प्रत्येक फाट्यासाठी कागदावर मांडल्याशिवाय केबलची मागणी नोंदवू नये.

केबल निवडताना आजच्या गरजेपेक्षा बरेच अधिक तंतू असलेली घ्यावी. खर्चाचा मोठा भाग खोदाई आणि मजुरीचा असतो, त्यापुढे जादा तंतूंची किंमत किरकोळ ठरते.

खांबांवरून केबल नेणे स्वस्त पडते. मात्र खांब बहुधा वीज संस्थेचे असतात, आणि जुन्या तारा सरकवून जागा करण्यात किंवा कुजलेले खांब बदलण्यात महिनेच्या महिने जातात, म्हणून परवानगीचे अर्ज आराखड्याबरोबरच द्यावेत. मऊ जमिनीत नांगरासारख्या यंत्राने केबल थेट पुरता येते, खडकात मात्र खर्च अनेक पटींनी वाढतो. अमेरिकेत खोदण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून गॅस, पाणी व विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेणे बंधनकारक आहे.

पैशासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची कर्जे व ग्रामीण ब्रॉडबँडसाठीची ‘रीकनेक्ट’ योजना आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने तर ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलरची ‘बीड’ (BEAD) योजना आणली. तरीही अनुदानात साधारणपणे २५ टक्के वाटा संस्थेला स्वतः घालावा लागतो, हे विसरून पहिला फाटा सुरू करणे माझ्या मते धोक्याचे आहे.

तांब्याच्या तारेतून दूरध्वनीला लागणारी वीज एक्सचेंजमधूनच येत असे; फायबरमधून ती येत नाही. त्यामुळे घरात फायबरचा प्रकाश फोनसाठी विजेच्या संकेतात बदलणाऱ्या यंत्राला बॅटरी लागते, आणि वादळात वीज गेल्यावर फोन किती वेळ चालेल, हे जोडणीच्या दिवशीच सभासदाला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, नीट समजावून सांगितले पाहिजे. त्या दिवशी प्रत्येक घरात पोहोचणारा प्रकाश मोजून त्याची नोंद ठेवावी, कारण पुढे बिघाड शोधताना तुलनेला तोच आकडा लागतो. तांब्याची जुनी लाइन मात्र त्या फाट्यावरचे शेवटचे घर फायबरवर येईपर्यंत बंद करू नये.