दुखापतींचा दर आणि कामावर परतणे : कारखान्यात मोजणी कशी करावी

भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत अनेक कारखान्यांच्या गेटजवळ ‘शेवटच्या अपघातानंतरचे दिवस’ दाखवणारा फलक असतो. पन्नास माणसांच्या प्रेस शॉपचे दिवस आणि दोन हजार माणसांच्या कारखान्याचे दिवस यांची तुलना होऊ शकत नाही, म्हणून दुखापती नेहमी प्रत्यक्ष काम झालेल्या तासांशी जोडून मोजाव्यात.

आयएस ३७८६ या भारतीय मानकानुसार, कामाचा वेळ बुडवणाऱ्या दुखापतींच्या संख्येला १० लाखांनी गुणून एकूण मनुष्य-तासांनी भागले की वारंवारता दर मिळतो. अमेरिकी पद्धतीत १० लाखांऐवजी २ लाख तास धरतात. त्यामुळे परदेशी मूळ कंपनीला आकडे पाठवणाऱ्यांनी कोणता गुणक वापरला ते प्रत्येक तक्त्यावर लिहावे.

समजा, वर्षभरात ओव्हरटाइमसह ४,५०,००० तास काम झाले आणि अशा ९ दुखापती झाल्या, तर दर २० येतो. आता यांतल्या ६ दुखापती ठेकेदाराच्या माणसांना झाल्या आणि त्या ठेकेदाराच्याच वहीत राहिल्या, पण त्या माणसांचे तास मात्र एकूण बेरजेत धरले गेले, तर दर ६.७ वर उतरतो. ज्यांचे तास भागाकारात खाली धरले, त्यांच्या दुखापती वर धरल्याच पाहिजेत. तास टाइम ऑफिसच्या पंचिंगवरून घ्यावेत. माणसे गुणिले आठ तास गुणिले तीनशे दिवस हा अंदाज सोयीचा असला तरी त्यात रजाही दिसत नाहीत आणि ओव्हरटाइमही.

कोणती दुखापत मोजायची हे वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठरवावे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ मधील, ४८ तास किंवा अधिक काळ काम करता न येण्याची अट सरकारला अपघात कळवण्यासाठी होती. अंतर्गत नोंदीसाठी पुढची शिफ्ट चुकली एवढे पुरेसे मानावे. हाताला पट्टी बांधलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावून स्टोअरमध्ये बसवले आणि हजेरी भरली, तर ती दुखापत वेळ बुडवणाऱ्यांच्या यादीतून गळते. म्हणून ‘हलके काम’ हा वेगळा रकाना ठेवावा आणि तो दर महिन्याला पाहावा. हा रकाना फुगत असताना वारंवारता दर घसरत असेल, तर त्या घसरणीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तीव्रता दरासाठी बुडालेल्या दिवसांना त्याच रीतीने १० लाखांनी गुणून तासांनी भागतात. मृत्यूसाठी मानकात ६,००० दिवस धरले आहेत. वरील उदाहरणात १३५ दिवस बुडाले तर दर ३०० असतो. एक मृत्यू झाला की तो १३,६०० च्या वर जातो. छोट्या कारखान्याने दोन्ही दर तीन-तीन वर्षांची बेरीज करून पाहावेत, कारण ९ च्या जागी पुढच्या वर्षी ६ दुखापती होणे निव्वळ योगायोगानेही घडते.

कामावर परतण्याची मोजणी बहुतेक ठिकाणी फिटनेस सर्टिफिकेट फाईलला लागले की संपते, वास्तविक ती तिथून सुरू व्हायला हवी. प्रत्येक जखमीसाठी दुखापतीची तारीख, कामावर आल्याची तारीख, काम मूळचे की बदललेले, आणि तीन व सहा महिन्यांनी तो कामावर आहे का, हे नोंदवावे. पाच जण ४, ६, ९, १४ आणि ९५ दिवसांनी परतले तर सरासरी २५.६ दिवस येते, पण मधला आकडा ९ आहे. अहवालात मधला आकडा द्यावा आणि ९५ दिवसांच्या माणसाविषयी स्वतंत्र चार ओळी लिहाव्यात. जे अजून परतलेच नाहीत त्यांना यादीतून काढू नये, ‘परतले नाहीत’ असेच दाखवावे. पॉवर प्रेसमध्ये बोटे गमावलेला ठेकेदाराचा कामगार गावी निघून गेला, तर तो याच रकान्यात येतो.

शेवटचा रकाना पगाराचा. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) तात्पुरत्या अपंगत्व लाभातून विमाधारकाला वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते, मात्र परतल्यानंतर प्रेसवरून पॅकिंगला हलवलेल्या माणसाचा ओव्हरटाइम बंद झाला तर ते ईएसआयच्या कागदांत उमटत नाही. म्हणून दुखापतीआधीच्या तीन महिन्यांच्या हाती आलेल्या पगाराशी परतल्यानंतरच्या तीन महिन्यांचा पगार ताडून पाहावा.