बुरूज ‘सरळ’ करू नका! किनाऱ्यावरचे फोटो एडिट करताना या चुका टाळा

कोकणातल्या फोटोंची निम्मी वाट ‘ऑटो’ बटण लावतं. इथे दिलेली स्लायडरची नावं लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमधली आहेत. स्नॅपसीड, डार्कटेबलमध्येही हीच कामं थोड्या वेगळ्या नावांनी होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो उभ्या रेषांचा. देवळासमोर उभं राहून कॅमेरा वर केला की कळस मागे झुकलेला दिसतो. मग ट्रान्सफॉर्म या रेषा सरळ करण्याच्या विभागातलं ‘व्हर्टिकल’ बटण दाबलं जातं आणि चित्र आणखी बिघडतं. दीपमाळ मुळातच वर निमुळती असते, किल्ल्याचा बुरूजही सहसा तळाशी रुंद असतो. हा उतार बांधकामातलाच आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते त्या तिरक्या कडा ताठ करायला जातं आणि बुरूज नळकांड्यासारखा होतो.

त्यामुळे आधी लेन्स प्रोफाइल करेक्शन चालू करा, म्हणजे लेन्समुळे वाकलेल्या रेषा सुधारतील. मग ट्रान्सफॉर्ममध्येच ‘गाइडेड’ निवडून दोन रेषा ओढा: एक डावीकडच्या, दुसरी उजवीकडच्या खऱ्या उभ्या कडेवर. दरवाजाची चौकट, ओसरीचा खांब चालेल, दीपमाळ नको. उंच इमारत काटेकोर सरळ केली की माथा पसरट वाटतो, तेव्हा व्हर्टिकल स्लायडर किंचित मागे घ्या. या दुरुस्तीत कडा कापल्या जातात, म्हणून फोटो काढतानाच कळसाच्या वर आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा.

क्षितिज सरळ करताना पुळणीची कड धरू नका. ती वळत वळत लांब जाते, त्यामुळे फोटोत तिरकीच दिसणार. समुद्र आणि आकाश मिळतात तीच रेषा धरा.

आता डीहेझ, म्हणजे फोटोतला धूसरपणा घालवणारा स्लायडर. किनाऱ्यावर हवेत दमटपणा आणि खारे कण असतात, लांबचा डोंगर फिका दिसणारच. त्या फिकेपणामुळेच तो लांब वाटतो. +५० डीहेझ मारलं की आकाश काळवंडतं, रंग भडकतात, कोपरे गडद होतात आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके वर येतात. पूर्ण फोटोला +१० पुरे. आणखी हवंच असेल तर फक्त डोंगरावर मास्क घालून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) वाढवा, त्या भागाचं सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) थोडं उतरवा.

जांभ्याचं दुखणं वेगळं. भिंत लालभडक करायला सॅच्युरेशन +४० केलं की हिस्टोग्राममधला (फोटोतल्या उजेडाच्या आलेखातला) लाल रंग उजव्या कडेला चिकटतो, दगडाची छिद्रं बुजतात आणि चिरा प्लास्टिकचा वाटू लागतो. पावसाळी ढगाळ उजेडातला फोटो निळसर असेल तर आधी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवणारी सेटिंग) ‘क्लाउडी’वर आणा, निम्मा लाल तिथेच परत मिळतो. मग व्हायब्रन्स (फिके रंग जास्त उठवणारा स्लायडर) +१०, आणि कलर मिक्सरमध्ये नारिंगीचं ल्युमिनन्स (उजळपणा) −१०. झाडी हिरवीगार करायला ‘ग्रीन’ ओढून फारसं काही होत नाही. पानांचा रंग बराचसा ‘यलो’त बसतो, हात तिथे घाला.

माडाच्या झावळ्यांभोवती पांढरी किनार दिसतेय? आकाशाचा मास्क एक्स्पोजरने फार खाली ओढलाय. −०.५ च्या आसपास थांबा, उरलेलं काम हायलाइट्सवर (फक्त उजळ भाग हलवणाऱ्या स्लायडरवर) सोपवा. जांभळी-हिरवी किनार असेल तर ‘रिमूव्ह क्रोमॅटिक अॅबरेशन’वर टिक करा.

फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याचा मोह आवरला तर उत्तम. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, म्हणजे मागे तांबडं आकाश असताना किल्ल्याची आपल्याकडची भिंत सावलीत हवी. ती सकाळच्या उन्हात न्हालेली असली की लबाडी लगेच कळते. ओल्या वाळूत जुन्याच आकाशाचं प्रतिबिंब राहिलं तर बोलायलाच नको.

एक्स्पोर्टला मोबाइलसाठी एसआरजीबी हीच रंगपद्धत (कलर स्पेस) ठेवा. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतला फोटो बऱ्याच ठिकाणी फिका दिसतो. ए३ छपाईला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. कळस सरळ करून, कडा कापून तेवढे उरलेत का, हे छापायला देण्याआधी बघा.