कुळव घालण्याआधी टिटवी कुठं बसते ते बघा

बेळगाव-खानापूरकडे वळीव झाला की धूळवाफ (कोरड्या मातीत पेरलेल्या) भाताची घाई, निपाणी-हुक्केरीकडे मृगात सोयाबीनची. टिटवी, चंडोल, तित्तर यांची अंडी याच दिवसांत उघड्या रानात असतात.

टिटवीचं घरटं म्हणजे ढेकळांतला उथळ खळगा. आत बहुधा चार मातकट अंडी, त्यांवर काळे डाग. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. अंडी उंचावर की सखलात, यावरून आपण पावसाचा अंदाज बांधतो आणि मग त्यांच्यावरूनच रोटाव्हेटर फिरवतो! ट्रॅक्टर तासावर लावलेला, ड्रायव्हर थांबत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मालकानेच फेरी मारावी. टिटवी जिथं ओरडते तिथंच अंडी असतील असं नाही. बांधावर गप्प उभं राहा. थोड्या वेळाने ती चालत येऊन बसेल, ती जागा. खुणेची काठी घरट्याला खेटून नको, कावळ्याला पत्ता मिळतो. चार-पाच पावलं लांब रोवा आणि दहा फूट चौरस जागा सोडून पुढे चला. उबवणीला साधारण चार आठवडे लागतात. भर उन्हात तिला फार वेळ उठवून ठेवू नका, अंडी तापतात.

पिलं अंड्यातून निघाली की लगेच चालतात, पण धोका दिसला की पळण्याऐवजी सरीत दबून राहतात. ट्रॅक्टर कडेने गोल फिरवत आत नेलात तर ती मधे कोंडली जातात. मधून सुरू करून बांधाकडे या.

बांध पेटवणं, त्यावर तणनाशक मारणं या महिन्यांत टाळा. गवत हवंच असेल तर विळ्याने, एका बाजूचं आज, दुसऱ्या बाजूचं पावसाळा सरल्यावर.

पुढे सोयाबीनच्या भांगलणीत (खुरपणीत) राखी वटवट्याचं शिवलेल्या पानांतलं घरटं बायकांनाच आधी दिसतं. आत विटकरी लाल, चकचकीत अंडी असली तर तेवढी दोन-चार झाडं तशीच ठेवा. हा पक्षी पिलांना अळ्या-किडे भरवतो.

फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. जुना डबा उरला असला तरी उसात टाकू नका. कोणतंही दाणेदार औषध मातीआड करा, पक्षी ते खडे समजून टिपतात. बीजप्रक्रिया केलेलं बी वळणावर सांडतं, तेही झाका.

तित्तर-लाव्ह्याची अंडी उचलणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. भांगलायला येणाऱ्यांना आणि पोरांना हे आधीच सांगून ठेवा.