विदर्भात नवं दुकान टाकताय? जीएसटीचा अंदाज आधी सॉफ्टवेअरवर काढून बघा

बाहेरून येऊन वर्धा, यवतमाळ, भंडारा, गोंदियाच्या तालुक्यांत दुकान टाकणारे हमखास विचारतात, "इथं टॅक्स किती बसतो?" दर सगळीकडे तोच. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हापासून गाव बदललं म्हणून दर बदलत नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर पुण्याला १८ टक्के, तर पुसदलाही १८ टक्केच. फरक पडतो तो माल कोणत्या राज्यात गेला याने, आणि गिऱ्हाइकाचे पैसे हातात कधी येतात याने. पहिलं सॉफ्टवेअर बरोबर सांगतं, माहिती नीट भरली तर. दुसरं ते सांगत नाही, आणि नवा दुकानदार नेमका तिथेच अडकतो.

आधी सराव करा. टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. तिथे महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच नोंद होते, पण अंदाजाला तेवढं पुरतं. एक डमी कंपनी काढा, राज्य महाराष्ट्र ठेवा, एफ-११ ही कळ दाबून जीएसटी चालू करा. मग प्रत्येक मालाचं मास्टर, म्हणजे त्याच्या माहितीची नोंद, बनवा: एचएसएन (मालाचा ठरलेला कोड), दर आणि दर कधीपासून लागू ती तारीख. ही तारीख भरायला आळस करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर बदलले: सिमेंट २८ वरून १८ वर आलं, ट्रॅक्टर आणि ठिबकचं सामान १२ वरून ५ वर. ओळखीच्या दुकानदाराचा जुना डेटा उचलून आणला तर त्यात १२ आणि २८ चे दर तसेच बसलेले असतात.

कृषी केंद्र असेल तर मालाची विभागणी साधारण अशी: पेरणीचं बियाणं शून्य, खत ५ टक्के, कीटकनाशक आणि तणनाशक १८ टक्के. गोंधळ होतो तो टॉनिकच्या बाटल्यांचा. शेतकरी सगळ्यांनाच टॉनिक म्हणतो, पण एक सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून ५ टक्क्यांत असते, तर शेजारची वाढनियंत्रक म्हणून ३८०८ या एचएसएनखाली १८ टक्क्यांत. लेबल पाहून दर ठरवू नका, कंपनीच्या बिलावरचा एचएसएन उतरवा.

एमआरपीचंही तसंच. छापील किमतीत कर धरलेला असतो. ५९० रुपयांच्या बाटलीत ५०० माल आणि ९० कर. मास्टरमध्ये दर करासहित आहे असं दाखवलं नाही, तर सॉफ्टवेअर ५९० वर आणखी १०६ रुपये २० पैसे चढवतं, आणि काऊंटरवर भांडण ठरलेलं.

आता सीमेवरची दुकानं. वरुडला मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं गिऱ्हाईक येतं, देवरीला छत्तीसगडचं, पांढरकवड्याला तेलंगणातल्या आदिलाबादचं. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता नसेल तर विक्री महाराष्ट्रातली धरतात आणि सीजीएसटी-एसजीएसटी (निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा) लागतो. पण बिलावर त्याचं राज्य नुसतं 'मध्य प्रदेश' असं लिहिलं, तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून तो पत्ताच धरला जातो आणि आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लागतो. ५० हजार किंवा त्यावरच्या करपात्र बिलावर नाव, पत्ता आणि राज्य लिहावंच लागतं. म्हणून पार्टी मास्टरमध्ये राज्य अंदाजाने भरू नका, आणि काऊंटरच्या रोख बिलासाठी 'रोख विक्री' असं वेगळं लेजर (खातं) ठेवा. गिऱ्हाइकाला रक्कम तीच पडते, पण कर चुकीच्या खात्यात गेला तर आधी योग्य खात्यात पुन्हा भरा आणि मग जुन्याचा परतावा मागत बसा.

यामुळेच सीमेवर कंपोझिशन योजना जपून घ्यावी. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला १ टक्का कर, दर तिमाहीला १८ तारखेपर्यंत भरणा, कटकट कमी. पण परराज्यात विक्री चालत नाही, गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि खरेदीचं क्रेडिटही (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळत नाही. चिल्लर किराणा असेल तर ठीक. १८ टक्क्यांचा माल घेणाऱ्याने दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

खरा अंदाज विक्री गुणिले दर असा निघत नाही. हे उदाहरण डमी कंपनीत घालून बघा. जूनमध्ये महाराष्ट्रातूनच ६ लाखांचं खत आणि २ लाखांचं कीटकनाशक घेतलं. क्रेडिट ३०,००० अधिक ३६,०००, म्हणजे ६६,०००. त्याच महिन्यात सगळं खत ६,३०,००० ला आणि निम्मं कीटकनाशक १,२०,००० ला गेलं, दोन्ही कर सोडून. विक्रीवरचा कर ३१,५०० अधिक २१,६००, म्हणजे ५३,१००. भरायचं शून्य, १२,९०० पुढे शिल्लक. जुलैत खरेदी नाही, उरलेलं कीटकनाशक पुन्हा १,२०,००० ला गेलं. २१,६०० मधून १२,९०० गेले, ८,७०० भरायचे, तेही २० ऑगस्टपर्यंत. आणि ही विक्री उधारीवर असेल तर शेतकऱ्याचे पैसे येणार सोयाबीन किंवा कापूस निघाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास. कर बिलाच्या तारखेवर लागतो, वसुलीच्या नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधला जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, उघडा आणि शेजारी वहीत महिनावार रोख येण्याचा रकाना आखा. दोन्हींतलं अंतर हेच तुम्हाला लागणारं खरं भांडवल. उशीर झाला तर १८ टक्के वार्षिक व्याज.

क्रेडिटही आपोआप मिळत नाही. विक्रेत्याने रिटर्न भरलं तरच ते जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या तक्त्यात दिसतं, आणि तो पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. सॉफ्टवेअरने दाखवलेले ६६,००० त्याच्याशी ताडून पाहा. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. हंगामभर कंपनीची उधारी ओढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बियाणं करमुक्त असल्यामुळे भाडं, फर्निचर अशा सामाईक खर्चाचं क्रेडिटही पूर्ण मिळत नाही, विक्रीच्या प्रमाणात कापलं जातं.

भाड्याचं तर बहुतेक विसरतातच. तालुक्याच्या गाळ्याचा मालक सहसा जीएसटीत नसतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः, रोख खात्यातून भरायचा. क्रेडिटने तो फिटत नाही. १०,००० भाड्याला महिन्याला १,८००. वरच्या उदाहरणात जूनला 'भरायचं शून्य' असलं तरी हे १,८०० जातातच. कंपोझिशनवाल्याला यातून सूट आहे.

आधीचं दुकान महाराष्ट्रातच असेल तर नवा जीएसटी नंबर काढायची गरज नाही. २७ ने सुरू होणारा तोच नंबर चालतो, नवी जागा जादा व्यवसायस्थळ म्हणून १५ दिवसांच्या आत पोर्टलवर जोडायची. कागदांत इथे एक घोळ नेहमी होतो. मालकाच्या नावाचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो, म्हणजे घराची कर आकारणी. लोक तलाठ्याकडून शेतीचा ८-अ घेऊन येतात, तो इथे कामाचा नाही. सोबत भाडेकरार, वीजबिल आणि मालकाचं संमतिपत्र जोडा. कृषी परवान्यावरचा पत्ता आणि हा पत्ता अक्षराअक्षराने जुळवा.

सॉफ्टवेअरमध्ये नव्या जागेचं गोदाम वेगळं आणि बिलांची मालिकाही वेगळी ठेवा; क्रमांक १६ अक्षरांच्या आत बसवा. दोन दुकानांत माल हलवताना कर नाही, डिलिव्हरी चलन पुरतं, पण राज्यांतर्गत करपात्र माल १ लाखाच्या वर गेला की ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) काढा. दुसरं दुकान मध्य प्रदेशातल्या बालाघाटला टाकलं तर मात्र नंबरही वेगळा, आणि आपलाच माल आपल्यालाच पाठवताना आयजीएसटीचं बिल फाडावं लागतं.